आरोग्याचा पाया : विनयपिटकाची शिकवण आणि आपले कर्तव्य

विहारातील वंदना संपते. सर्व प्राणिमात्र सुखी होवोत, निरोगी होवोत, अशी कामना आपण एका सुरात व्यक्त करतो आणि चपला घालून बाहेर पडतो. दहा पावलांवर गटार तुंबलेले असते. शेजारच्या नळाला लागलेल्या रांगेत त्याच गटाराचा ओघळ येतो. पलीकडच्या घरात एक म्हातारा सहा महिन्यांपासून अंथरुणाला खिळून असतो आणि त्याच्याकडे कोण गेले, कोण नाही, याची नोंद कोणी ठेवलेली नसते. आपण जी कामना केली तिचा आणि या दृश्याचा काही संबंध आहे काय, हा प्रश्न या लेखाच्या मुळाशी आहे.

या प्रश्नाला साधारणपणे दोन उत्तरे दिली जातात. एक उत्तर असे की, आरोग्य ही ज्याची त्याची खासगी बाब होय. ज्याने पथ्य पाळले तो सुखी, ज्याने पाळले नाही तो दुःखी. दुसरे उत्तर असे की, आरोग्य ही शासनाची जबाबदारी होय. आपण कर भरावा आणि दवाखान्याची वाट पाहावी. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, असे आमचे मत आहे. पालि वाङ्मयातील, विशेषतः विनयपिटकातील आरोग्यविषयक प्रसंग आम्ही जेव्हा एकत्र ठेवून पाहतो, तेव्हा त्यांतून तिसरे उत्तर पुढे येते. व्यक्तीचा संयम आणि समूहाची जबाबदारी या एकाच आरोग्याच्या दोन बाजू आहेत. आणि त्यांना जोडणारा सांधा म्हणजे घाण कोण काढतो, पाणी कोणाला मिळते व आजाऱ्याजवळ कोण बसतो, या तीन प्रश्नांची न्याय्य उत्तरे होत.

कारणाचा शोध

प्रथम मूलभूत प्रश्न घेऊ. माणूस आजारी का पडतो? आपल्या समाजाला या प्रश्नाचे एक ठरावीक उत्तर शतकानुशतके ऐकविले गेले : पूर्वजन्मीचे पाप. या उत्तराने दोन गोष्टी साधल्या. आजारी माणूस स्वतःलाच दोषी मानू लागला आणि ज्यांनी त्याला गावाबाहेर, पाण्यापासून दूर, अर्धपोटी ठेवले होते ते मोकळे सुटले.

संयुत्तनिकायात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाची एक भेट नोंदविलेली आहे. राजगृहाच्या वेळुवनात त्याने भगवंतांना विचारले की, माणसाला जे काही सुख, दुःख वा उदासीनता अनुभवास येते ते सर्व पूर्वकृत कर्मामुळेच येते असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्याविषयी आपले मत काय? भगवंतांनी आठ कारणे सांगितली : पित्त, कफ, वात, या तिहींचा सन्निपात, ऋतूतील बदल, विषम वर्तन म्हणजे शरीराची अयोग्य हाताळणी, बाहेरून झालेला आघात, आणि शेवटी कर्मविपाक. सर्व काही पूर्वकर्मामुळेच घडते असे म्हणणारे लोक स्वतःला प्रत्यक्ष कळते त्याच्याही पलीकडे जातात आणि जगात जे सत्य म्हणून मान्य आहे त्याच्याही पलीकडे जातात, असा त्यांचा निर्णय आहे.

पित्त, कफ व वात ही त्या काळच्या वैद्यकाची परिभाषा होती. आजचे वैद्यक जंतू, पोषण, आनुवंशिकता व परिस्थिती यांच्या भाषेत बोलते. आमच्या दृष्टीने महत्त्व त्या यादीला नसून तिच्यामागील वृत्तीला आहे. ऋतू, वर्तन आणि आघात ही कारणे डोळ्यांना दिसणारी आहेत. ती तपासता येतात, आणि जे तपासता येते ते बदलताही येते. दैवावर सोडलेला आजार बरा होत नाही. कारण सापडलेला आजार बरा होण्याच्या मार्गाला लागतो. आरोग्याचा पहिला पाया हा असा बौद्धिक आहे.

मात्रा आणि देह

दुसरा पाया व्यक्तीच्या स्वतःच्या वर्तनाचा. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा तो जेवून, धापा टाकीत भगवंतांपाशी येऊन बसला. त्याची अवस्था पाहून भगवंतांनी आहाराची मात्रा जाणणाऱ्याच्या व्यथा कमी होतात, त्याचे वय हळूहळू सरते, अशा आशयाची गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास लावले आणि रोज जेवताना म्हणावयास सांगितले. त्यासाठी त्याला दररोज शंभर कहापण देण्याचे ठरविले. राजाचा आहार क्रमाक्रमाने कमी होत नाळीभर तांदळावर आला. पुढे आपल्या सडसडीत अंगावरून हात फिरवीत, या जन्मीचे आणि पुढचे असे दोन्ही हित भगवंतांनी साधून दिले, असे त्याने उद्गार काढले.

या कथेत उपदेशाइतकेच महत्त्व योजनेला आहे. भगवंतांनी उपवास सांगितला नाही, राजाला लाजविले नाही. राजानेही नुसत्या निश्चयावर विसंबून न राहता ऐन मोहाच्या क्षणी आठवण करून देणारा माणूस जवळ ठेवला. सवय बदलण्यासाठी सोबत लागते, हे यातून कळते.

व्यायामाविषयीही विनयात स्पष्ट नोंद आहे. वैशालीत भिक्षूंना उत्तम भोजने मिळू लागली आणि त्यांची शरीरे जड होऊन ते वारंवार आजारी पडू लागले. वैद्य जीवक कोमारभच्च काही कामानिमित्त तेथे आला होता. त्याने हे पाहून चंक्रमणासाठी जागा आणि जन्ताघर म्हणजे उष्ण स्नानगृह यांना अनुमती देण्याची विनंती केली. भगवंतांनी ती मान्य केली. चालणे हे ध्यानाचे अंग तर आहेच, परंतु येथे ते वैद्याच्या सल्ल्याने, शरीरासाठी आलेले आहे.

आजच्या आपल्या वस्त्यांकडे पाहिले तर पसेनदीचा भात वेगळ्या रूपात दिसतो. मधुमेह आणि उच्च रक्तदाब हे आता श्रीमंतांचे आजार राहिलेले नाहीत. स्वस्त तेल, साखरेचा चहा, बैठे काम आणि तपासणीचा आळस यांनी ते चाळीत आणि झोपडीतही आले आहेत. पंचशीलातील पाचवे शील मद्यपानापासून दूर राहण्याचे; परंतु तंबाखू, खर्रा आणि मशेरी ही त्या शिलाबाहेरची निरुपद्रवी चैन आहे, असा गैरसमज उपासकांतही आढळतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. तरी तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्या ओळखीपाळखीत आहेतच. बंदी कायद्याने होते, विरती मनाने करावी लागते.

येथे एक नाजूक गोष्ट सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आयुष्याच्या उत्तरार्धात मधुमेहाने आणि पायांच्या तीव्र वेदनांनी ग्रासले होते. त्या देहाने त्यांनी संविधानाचे काम केले आणि १९५६ साली आपणांस धम्म दिला. त्यांच्या त्या कष्टांची आठवण आपल्याला नम्र करते. मात्र त्यावरून देहाची हेळसांड म्हणजेच त्याग, असा अर्थ आपल्या कार्यकर्त्यांनी काढू नये. ज्याला समाजाचे काम दीर्घकाळ करावयाचे आहे त्याने रक्तातील साखर वेळेवर तपासली पाहिजे.

पाणी आणि शौचकूप

व्यक्तीने कितीही मात्रा पाळली तरी तिचे पाणी आणि तिच्या शेजाऱ्याचा मैला यांपासून ती स्वतःला वेगळे काढू शकत नाही. येथूनच वैयक्तिक स्वास्थ्याची हद्द संपून सार्वजनिक आरोग्याची सुरू होते.

भिक्षूच्या मोजक्या परिष्कारांत परिस्सावन, म्हणजे पाणी गाळण्याचे वस्त्र, आहे. त्याचा मूळ हेतू पाण्यातील जीवांची हिंसा टाळणे हा होता. जंतूंचे शास्त्र त्या काळी नव्हते आणि ते तेथे शोधण्याचा अट्टहास आम्ही करणार नाही. परंतु या गाळणीसंबंधी चुल्लवग्गात आलेली घटना विचार करावयास लावणारी आहे. कोसल जनपदात दोन भिक्षू प्रवासास निघाले. त्यांतील एकाने दुसऱ्याला अनाचाराबद्दल टोकले, तेव्हा दुसऱ्याने मनात राग धरला. पुढे टोकणाऱ्याला तहान लागली. त्याने गाळणी मागितली आणि ती जवळ असूनही सोबत्याने दिली नाही. तो भिक्षू तहानेने मरण पावला. भगवंतांनी त्या वर्तनाची कठोर निंदा केली आणि प्रवासात मागितलेली गाळणी नाकारू नये, असा नियम घातला. पाण्याचे साधन जवळ असताना ते दुसऱ्याला नाकारणे हा दोष होय, हे विनयाने असे लिहून ठेवले आहे.

शौचाविषयीचे नियम याहूनही तपशीलवार आहेत. प्रथम भिक्षू आरामात कोठेही शौचास बसत आणि आवार घाण होई. तेव्हा एका बाजूस जागा ठरविण्यात आली. दुर्गंधी येऊ लागली तेव्हा खड्डा, त्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून विटांचे, दगडाचे वा लाकडाचे बांधकाम, वर झाकण, आणि भोवती कुटी असे एकेक करून ठरत गेले. पाण्यात मलमूत्रविसर्जन करू नये व थुंकू नये, हा नियम सेखिय धम्मांत समाविष्ट झाला. अडचण दिसली की तिच्यावर उपाय, त्या उपायातून उद्भवलेल्या नव्या अडचणीवर नवा उपाय, अशी ही रीत आहे. आजची नगरपालिकाही याहून वेगळे काय करते?

परंतु या नियमांतील खरे क्रांतिकारक तत्त्व वेगळेच आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेला एक भिक्षू शौचानंतर धुण्यास तयार नव्हता; असल्या हीन, दुर्गंधी वस्तूला कोण हात लावणार, असे त्याचे म्हणणे होते. परिणामी त्याला कृमींचा उपद्रव झाला. त्याने हे इतर भिक्षूंना सांगितले आणि त्यातून पाणी असताना न धुता राहू नये, असा नियम झाला. स्वतःच्या देहाच्या मळालाही हात न लावणे यात पावित्र्य आहे अशी समजूत आणि प्रत्यक्ष स्वच्छता, यांतील अंतर या एका प्रसंगात उघडे पडते.

त्याच्याच पुढे दुसरा प्रसंग येतो. शौचकूपाचा वापर ज्येष्ठतेच्या क्रमाने होत असे. नवे भिक्षू आधी येऊन थांबत, वेग आवरून धरीत आणि मूर्च्छित होऊन पडत. भगवंतांनी सांगितले की, येथे ज्येष्ठता नाही, जो आधी येईल त्याने आधी जावे. वंदन आणि आसन यांत ज्येष्ठता मानणारा संघ देहाच्या गरजेपुढे मात्र सर्वांना समान मानतो. आणि शौचकूप घाण दिसला तर तो कोणी धुवावा? ज्याला दिसला त्या भिक्षूने. आवार झाडलेले नसेल तर त्यानेच झाडावे, भांड्यात पाणी नसेल तर त्यानेच भरावे. या कामासाठी संघात वेगळी जात नाही, वेगळा वर्ग नाही. या देशाच्या इतिहासात ही गोष्ट केवढी मोठी आहे, हे आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

आजाऱ्याजवळ कोण बसतो?

महावग्गाच्या चीवरखन्धकातील प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. अतिसाराने पीडित एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता. भगवंत आनंदासह निवासस्थानांची पाहणी करीत तेथे आले. तुझी सेवा करणारा कोणी नाही काय, असे त्यांनी विचारले. नाही, असे उत्तर आले. का नाही, असे विचारता तो म्हणाला की, मी भिक्षूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझी काळजी घेत नाहीत. आनंदाने पाणी आणले. भगवंतांनी पाणी ओतले आणि आनंदाने त्याला धुतले. मग भगवंतांनी डोक्याकडून व आनंदाने पायांकडून धरून त्याला मंचकावर ठेवले.

त्यानंतर संघ एकत्र बोलाविण्यात आला. तुमच्या सेवेस येथे आई नाही, वडील नाहीत. तुम्हीच परस्परांची सेवा केली नाही तर कोण करील, असे भगवंतांनी विचारले आणि ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे सांगितले. हा उपदेश भावनेवर सोडून दिलेला नाही. जबाबदारीचा क्रम ठरवून दिला आहे : उपाध्याय असेल तर त्याने, आचार्य असेल तर त्याने, नंतर शिष्याने, सहाध्यायाने, आणि यांपैकी कोणीच नसेल तर संपूर्ण संघाने. न केल्यास दोष. म्हणजे निराधार रुग्ण हा शेवटी सर्वांचा रुग्ण असतो, हे तत्त्व येथे नियमरूपाने आले आहे.

याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण दिलेले आहेत. तो औषध तयार करण्यास समर्थ असावा. पथ्य-अपथ्य जाणणारा असावा. लाभासाठी नव्हे, मैत्रीभावाने सेवा करणारा असावा. मल, मूत्र, थुंकी, वांती उचलताना किळस न करणारा असावा. आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाला धीर देणारा असावा. रुग्णाचीही कर्तव्ये सांगितली आहेत. त्याने अपथ्य करू नये, पथ्याचीही मात्रा ओळखावी, औषध घ्यावे, हितचिंतकाला आजार आहे तसा सांगावा, वेदना सोसाव्यात. आजार लपविणे हा दोष मानला आहे, हे लक्षात घ्यावे. क्षयरोगावरील औषधोपचार साधारणतः सहा महिने नियमाने घ्यावा लागतो. दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडणारा आणि शेजाऱ्यांच्या भीतीने खोकला लपविणारा, असे दोघेही अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत सापडतात. शिवाय शुश्रूषा करणाऱ्यांचे उपकार मोठे आहेत असे म्हणून दिवंगत भिक्षूचे पात्र-चीवर संघाने त्यांना द्यावे, अशी अनुमती आहे. सेवा हे श्रम आहेत आणि त्यांची दखल घेतली पाहिजे, ही जाण त्यात आहे.

या परंपरेचे आधुनिक दर्शन महाराष्ट्राने १८९७ साली घेतले. पुण्यात प्लेगची साथ असताना क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या. त्या संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी किळस केली नाही, जात विचारली नाही.

सेवेने किती प्राण वाचतात याचे दुसरे उदाहरण १९७१ सालचे. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ होती. शिरेतून देण्याचे द्रव अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने देण्याची पद्धत अवलंबिली. ते पाजण्याचे काम बहुतांशी रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले. जेथे तीस टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावत होते तेथे ते प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, हे प्रमाण प्रत्येक घरात पाठ असावे. औषध साधे होते. वाटीने घोट घोट पाजणारा माणूस उशाशी होता, म्हणून ते गुणकारी ठरले.

संघाची मर्यादा आणि राज्याचे कर्तव्य

तथापि एक कटू प्रसंगही विनयातच नोंदविलेला आहे आणि तो झाकून ठेवणे योग्य होणार नाही. मगधात एकदा पाच रोगांचा फैलाव झाला : कुष्ठ, गंड, किलास म्हणजे त्वचेवरील डाग, क्षय आणि अपस्मार. लोक जीवकाकडे गेले. राजा बिम्बिसार, त्याचे अंतःपुर आणि बुद्धप्रमुख भिक्षुसंघ यांचीच चिकित्सा करावयाची असल्याने मला सवड नाही, असे जीवकाने सांगितले. आपले सर्व धन घ्या, आम्ही तुमचे दास होतो, असे म्हणूनही उपयोग झाला नाही. तेव्हा काहींनी प्रव्रज्या घेतली, संघात सेवा आणि जीवकाचे उपचार मिळविले व बरे होताच चीवर टाकून ते घरी गेले. हे कळल्यावर जीवकाच्या विनंतीवरून अशा रुग्णांना प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला.

हा नियम वाचताना मन अस्वस्थ होते. परंतु त्यातून निष्पन्न होणारा धडा आम्हांस मोलाचा वाटतो. ज्या समाजात उपचार फक्त राजवाड्यात आणि विहारात मिळतात, तेथे सामान्य माणूस बरा होण्यासाठी वेषांतर करतो. दोष त्या रुग्णांचा नव्हता. उणीव सार्वजनिक व्यवस्थेची होती. विहार कितीही करुणामय असला तरी तो एका राज्याचा दवाखाना होऊ शकत नाही.

ही उणीव सम्राट अशोकाने ओळखली. त्याच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यांची आणि पशूंची अशी दोन प्रकारची चिकित्सा स्थापन केल्याचे, जेथे औषधी वनस्पती, मुळे व फळे नव्हती तेथे ती आणवून लावल्याचे, मार्गांवर वृक्ष लावून विहिरी खणल्याचे कोरलेले आहे. हे आपल्या राज्यापुरतेच नव्हे, तर चोल, पांड्य, ताम्रपर्णी आणि यवनराजांच्या प्रदेशांतही केल्याचे तो म्हणतो. गिरनार येथे हा लेख आजही पाहता येतो. याच लेखमालेचे तुकडे आपल्या कोकण किनाऱ्यावर सोपारा येथे सापडले आहेत. पुढे कान्हेरीच्या डोंगरात लेण्यालगत पाण्याची टाकी खोदली गेली, पावसाचे पाणी पन्हळींनी त्यांत उतरविले गेले. दानलेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. लेणे आणि पोढी यांचे दान एकाच लेखात येते, म्हणजे निवाऱ्याबरोबर पाणी देणे हेही पुण्य मानले जाई.

चवदार तळे ते संविधान

या वारशाशी सर्वस्वी विपरीत असे दृश्य १९२७ साली महाडला दिसले. मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव केला होता आणि महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ केले. कसे? एकशे आठ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध आणि दही मिसळून ते तळ्यात ओतले. पिण्याच्या पाण्यात शेण घालणे ही शुद्धी आणि माणसाच्या ओंजळीचा स्पर्श हा विटाळ! कर्मकांडाची शुद्धता आणि आरोग्याची स्वच्छता या दोन गोष्टी परस्परविरोधी कशा असू शकतात, याचे याहून बोलके उदाहरण आमच्या माहितीत नाही. पाण्यावरील हा हक्क न्यायालयात शाबीत होण्यास १९३७ साल उजाडले.

बाबासाहेबांचा लढा तळ्यापाशी थांबला नाही. १९२८ साली मुंबई कौन्सिलमध्ये कामगार स्त्रियांना प्रसूतिकाळात सवेतन विश्रांती देणाऱ्या विधेयकाचा त्यांनी पुरस्कार केला. १९३८ साली संततिनियमनाचा प्रश्न त्यांच्या पक्षाने मुंबई विधानसभेत नेला. ठराव फेटाळला गेला, पण बाळंतपणामागून बाळंतपण सोसणाऱ्या स्त्रीच्या देहाचा विचार विधिमंडळात झाला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्यविम्याची पायाभरणी झाली, ज्यातून पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. आणि १९४६ साली कारखान्यांतील कामाचा आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आला. विश्रांती, गर्भारपण, विमा हे सारे आरोग्याचेच विषय होत. संविधानाच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने जनतेचे पोषण, राहणीमान व सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले. अशोकाने शिळेवर कोरलेले कर्तव्य असे पुन्हा लिहिले गेले. मात्र हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्याच्या बळावर थेट न्यायालयात जाता येत नाही. तो जागता ठेवण्याचे काम नागरिकांचे आहे.

गटारातील मृत्यू

आणि येथे आम्ही पहिल्या प्रश्नाकडे परत येतो : घाण कोण काढतो? हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा कायदा १९९३ साली झाला, अधिक व्यापक कायदा २०१३ साली झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला; २०२३ साली ती रक्कम तीस लाख करण्यात आली. रक्कम वाढविण्याची वेळ आली, यातच मृत्यू थांबले नाहीत याची कबुली आहे. बंद गटारात आणि मैलाटाकीत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन यांसारखे वायू साचतात. उतरलेला माणूस क्षणार्धात बेशुद्ध होतो आणि त्याला काढावयास उतरलेला दुसराही तेथेच पडतो. हे मरण अपघाती म्हणवले जाते. परंतु त्या खड्ड्यात कोणत्या समाजाचा माणूस उतरतो, हे ठरवलेले असते.

ज्या शहराची स्वच्छता एका समाजाच्या फुप्फुसांवर उभी आहे त्या शहराला निरोगी म्हणता येणार नाही. शौचकूप जो वापरतो त्यानेच तो स्वच्छ ठेवावा, या विनयाच्या नियमाला आजच्या काळात यंत्र, पुरेशी सांडपाणी-व्यवस्था आणि सुरक्षित, सन्मानित रोजगार असे रूप द्यावे लागेल. आपल्या सोसायटीची मैलाटाकी साफ करावयास माणूस उतरविला जात असेल आणि आपण खिडकी लावून घेत असू, तर चुल्लवग्गातील त्या ब्राह्मण भिक्षूपेक्षा आपण वेगळे नाही. ही गोष्ट आम्ही स्वतःलाही बजावीत आहोत.

विहाराने काय करावे?

उपदेशावर लेख संपवू नये, म्हणून काही व्यवहार्य गोष्टी सुचवितो. प्रत्येक विहाराने वस्तीतील दीर्घकाळ आजारी, एकाकी वृद्ध आणि गर्भवती स्त्रिया यांची यादी ठेवावी व त्यांच्याकडे कोणी केव्हा जावयाचे याची पाळी लावावी. पौर्णिमेच्या कार्यक्रमास जोडून रक्तदाब व साखर यांची तपासणी ठेवावी. विहाराचे शौचालय पदाधिकाऱ्यांनी पाळीपाळीने स्वतः स्वच्छ करावे, अध्यक्षांनी प्रथम. पाण्याची टाकी, गटार, आरोग्यकेंद्रातील औषधांचा तुटवडा यांबाबत लेखी अर्ज करावेत आणि त्यांची पोच जपून ठेवावी.

विदर्भातील वाचकांना एक गोष्ट वेगळी सांगावयाची आहे. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार तेथील आपल्या अनेक कुटुंबांत आहे. केंद्र शासनाने २०२३ साली त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू केली. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी असते. परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. एका साध्या रक्ततपासणीने हे कळते. आपण विवाहात पत्रिका पाहणे सोडले, ते योग्यच केले. मग तपासणीचा कागद दाखविण्यास संकोच का? तो कागद कोणाला नाकारण्यासाठी नव्हे, तर जाणतेपणी निर्णय घेण्यासाठी आहे. आजार आहे तसा सांगावा, हा रुग्णाचा गुण विनयाने सांगितलाच आहे.

अतिसाराने पडलेल्या त्या भिक्षूचे उत्तर आम्हांस विसरता येत नाही. मी कोणाच्या उपयोगाचा नाही, म्हणून माझ्याकडे कोणी येत नाही, असे तो म्हणाला होता. हेच वाक्य आज आपल्या वस्त्यांतून, सरकारी रुग्णालयांच्या व्हरांड्यांतून, गटारात उतरणाऱ्यांच्या घरांतून न बोलता ऐकू येते. भगवंतांनी त्यावर प्रथम प्रवचन दिले नाही, पाणी मागविले. संघाला उपदेश त्यानंतर केला. आरोग्याविषयीच्या आपल्या कार्याचा क्रमही तोच असावा.